सहा मीटरची सळई

गाळ्यांच्या रांगेत असं बोललं जाई की स्प्रिंगवाल्या ताईंना राग यायला कारण लागत नाही. हे साफ खोटं आहे. कारण दर वेळी असे; फक्त ते ताईंना आधी दिसे आणि बाकीच्यांना सगळं नुकसान होऊन गेल्यावर. नाल्याकडची भिंत फुगलीय म्हणून त्या वर्षभर ओरडत होत्या, तेव्हा लोक हसले. भिंत साचेवाल्याच्या मोटारसायकलवर पडली तेव्हा तोच येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही जरा अजून जोरात ओरडायला हवं होतं." पाठीमागे त्यांना सगळे 'ठिणगी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

ताई ज्या कारखान्यात स्प्रिंगा वळायला शिकल्या तो बंद पडला, तेव्हा मालकानं सगळ्यांना थकलेल्या पगाराचे चेक दिले. ताईंनी चेक त्याच्या टेबलावर परत ठेवला आणि म्हणाल्या, "मला माझं लेथ द्या." मालक हसला, लोकांनी वेड्यात काढलं. चेक एकाचाही वटला नाही. लेथ अजून चालू आहे. त्या लेथसाठी ताईंच्या भावानं, म्हणजे दादांनी, सरकारी जमिनीवरच्या अठरा गाळ्यांपैकी एक भाड्यानं मिळवून दिला आणि स्वतः जामीन राहिले. दादा मोजणी खात्यात होते. जमिनी मोजायचे. तीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ताईंना त्याचा असा काही अभिमान होता की जणू फूटपट्टीचा शोध त्यांच्याच घरात लागला होता.

गाळ्यात दाराच्या जाड स्प्रिंगा होत, ट्रकच्या सीटच्या होत, कापणी यंत्राच्या होत. जाड मालासाठी सळई लागे, आणि सळई बाजारात सहा मीटरचीच येते. ती गाळ्यात घ्यायची म्हणजे एक कसरत होती. बाहेर आडवी धरली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर बसे, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. म्हणून आत घेताना तिरकी करावी लागे, आणि दर खेपेला तिचं टोक कुठेतरी आपटे. वीस वर्षं ताई त्या टोकाला शिव्या घालत होत्या. पुढे त्याच टोकानं त्यांना वाचवलं.

नोटीस आली ती मंगळवारी सकाळी, भट्टी तापत असताना. पूर्वी दर गाळ्याला एकच ठरावीक भाडं असे. आता सरकारनं ते जागेच्या मापावर बसवलं होतं, तेही आठ वर्षं मागे जाऊन, म्हणजे आठ वर्षांपूर्वी जी फेरमोजणी झाली तेव्हापासून. थकबाकीचा आकडा बघून रबरवाले काका आपल्या गाळ्याच्या पायरीवर मटकन बसले. तीस दिवसांत भरा, नाहीतर गाळा सील. यंत्रं आतच राहतील, असंही खाली लिहिलं होतं. म्हणजे लेथ आत राहील.

बाकी सगळे आकडा बघत होते. ताईंनी त्याच्या वरची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं, दर्शनी रुंदी सात मीटर.

"सात?" ताई म्हणाल्या. "कुठले सात?"

त्यांनी कोपऱ्यातली सळई उचलली, बाहेर आणली आणि दारासमोर जमिनीवर टाकली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सहा. मग काकांच्या दारासमोर टाकली. सहा. मग सगळी रांगच धंदा सोडून त्यांच्या मागे निघाली, आणि अठरा गाळ्यांपुढे अठरा वेळा सळई पडली. शेवटचा गाळा साचेवाल्याचा. त्याच्या भिंतीला सळईचं टोक टेकलं आणि रांग संपली. त्या भिंतीपलीकडे हॉटेलची हिरवळ सुरू होत होती.

हॉटेलबद्दल सांगायला हवं. तेही सरकारचीच जमीन भाड्यानं घेऊन बसलेलं. गोरगरीब प्रवाशांना स्वस्तात मुक्कामाची सोय व्हावी म्हणून ती जागा कधीकाळी नाममात्र भाड्यानं दिली होती. आता तिथे कारंजं होतं, गाड्यांना दरवाजा उघडून देणारा माणूस होता, आणि एका रात्रीच्या खोलीच्या दरात रबरवाल्या काकांचं महिन्याचं घर चाललं असतं. गोरगरीब प्रवासी फाटकातून आत डोकावला तर त्याला पत्ता विचारून पुढे हाकलत. भाडं वाढवायची नोटीस त्यांनाही बारा वर्षांपूर्वी गेली होती. ते कोर्टात गेले होते आणि तारखांवर तारखा घेत होते. गाळेवाल्यांना तीस दिवस आणि त्यांना बारा वर्षं, असा तो न्याय होता.

साचेवाला बोटांवर हिशेब करत म्हणाला, "प्रत्येकी एक मीटर जास्त, म्हणजे अठरा मीटर. ताई, कागदावर माझा गाळा त्या हिरवळीच्या पार पलीकडे जातोय. संध्याकाळी कारंज्याखाली आंघोळ केली तर चालेल ना?"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भाडेपट्ट्याच्या कचेरीतल्या कारकुनानं नोटीस बघितली, नोंदवही बघितली आणि ताईंकडे न बघता सांगितलं, "मोजणी अधिकृत आहे."

"पण गाळा सहा मीटरचा आहे. मी सळई टाकून बघितली."

"सळई अधिकृत नाही."

"अहो, मग तुम्ही या मोजायला."

"अर्ज करा. आठ महिन्यांनी नंबर लागेल."

"आणि सील?"

"ते सत्तावीस दिवसांनी. ते खातं वेगळं."

ताईंनी तिथे जो आवाज चढवला तो खालच्या मजल्यावर जन्मदाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी ऐकला. एक बाळ रडायला लागलं म्हणतात. कारकून मात्र ढिम्म. त्यानं एवढंच केलं की सुनावणीची तारीख लिहून दिली, सीलच्या पाच दिवस आधीची. मग उपकार केल्यासारखा म्हणाला, "मोजणीदार चांगला होता हो. त्याचं काम कधी चुकलं नाही." आणि नोंदवही फिरवून त्यानं खालची सही दाखवली.

सही दादांची होती.

ताई पायऱ्या उतरल्या त्या कशा उतरल्या हे त्यांनाच आठवत नाही. आधी त्यांना वाटलं, सही खोटी असेल. मग वाटलं, दादांवर दबाव आला असेल. दादा चुकले असतील हे त्यांच्या डोक्यात शिरायला दादांच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता लागला, आणि शिरलं तरी बसायला तयार नव्हतं.

दादा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पेन्शन, दोन खोल्या आणि भिंतीवर निरोप-समारंभाचा फोटो, एवढा त्यांचा संसार. वहिनी ओट्यापाशी होत्या. दादा खुर्चीत पेपर वाचत होते.

"दादा, आमची रांग तू मोजली होतीस?"

"मोजली की. आठ वर्षं झाली. रांगेला सुट्टी होती त्या दिवशी. का गं?"

"गाळा केवढा लिहिलास?"

"जेवढा आहे तेवढा."

"सात लिहिलायस. सहा आहे."

दादांना राग आला. त्यांना राग फार क्वचित येई, आणि आला की ते शिकवायला लागत. "तुझी भिंत चुकली असेल. माझा टेप नाही चुकायचा." ते उठले, कपाटातून टेप काढून आणला. जुना, पोलादी, चामड्याच्या डबीतला. खात्यानं मोडीत काढला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला होता. "हा बघ. याचं पुढचं टोक कधीच तुटलंय, कडी नाही, वीतभर पट्टी नाही. तरी तीस वर्षं यानंच मोजलं. कसं? टोक तुटलं की शून्यापासून धरता येत नाही. मग एक मीटरच्या खुणेपासून धरायचं, आणि जो आकडा येईल त्यातून एक..."

ते थांबले.

वहिनी ओट्यापासून वळून बघू लागल्या.

"त्यातून एक काय, दादा?"

"वजा करायचा," दादा म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता.

मग सगळं बाहेर आलं, एकेक करून. त्या दिवशी ऊन भयंकर होतं. जागेवर वहीत आकडे जसे दिसतील तसे लिहायचे आणि वजाबाकी पक्की प्रत करताना करायची, अशी त्यांची पद्धत. जागेवर आकडेमोड केली की गफलत होते, असं ते नव्या पोरांनाही सांगत. रांग मोजून झाली तेव्हा हॉटेलच्या मालकानं निरोप पाठवला, उन्हात कशाला बसता, हिरवळीवर छत्रीखाली बसा, थंड घ्या. दादा आणि त्यांचा जोडीदार तिथे बसून पक्की प्रत करू लागले. मालक गप्पा मारत शेजारी बसला. हॉटेलची बाजू मोजायची राहिली होती. मालक म्हणाला, आता कुठे पुन्हा टेप सोडता, चौकापासून पुलापर्यंत एकूण किती ते नकाशात आहेच, त्यातून रांग वजा करा, उरेल ते आमचं. दादांनी तसं केलं.

"म्हणजे जिथे वजा करायचं तिथे केलं नाहीस," ताई म्हणाल्या, "आणि जिथे टेप टाकायचा तिथे वजा केलंस."

दादांनी मान हलवली.

"एका थंड पेल्यासाठी?"

"नाही गं. तसं नाही. देवाशपथ, विसरलो."

आणि हेच ताईंना सहन झालं नाही. दादांनी पैसे खाल्ले असते तर त्यांना शिव्या घालता आल्या असत्या, तोंड बघणार नाही म्हणून निघून जाता आलं असतं. नुसतं विसरलेल्या माणसाचं काय करायचं? तरी त्या बोलल्या. आठ वर्षं लोक माझ्या तोंडावर तुझी वाखाणणी करत होते, म्हणाल्या. काकांना दम्याच्या औषधाला पैसे नाहीत आणि ते हॉटेलच्या गवताचं भाडं भरणार, म्हणाल्या. आणखीही बोलल्या, ते इथे लिहीत नाही. दादा खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी लिहून देतो. चूक माझी आहे म्हणून."

तेव्हा वहिनी मध्ये आल्या. "ताई, तुम्ही कितीही बोला त्यांना, घरात बोला. पण कचेरीत त्यांचं नाव घेऊ नका. पेन्शन अडकवतील. आम्हाला दुसरं काय आहे?"

ताई घरी गेल्या. पुढचे तीन आठवडे रांगेनं एक नवल बघितलं. स्प्रिंगवाल्या ताई कुणावरही ओरडल्या नाहीत. काकांनी तर साचेवाल्याला विचारलं, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

सुनावणीला सगळी रांग गेली, आणि सळईही गेली. कचेरीच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. "हे काय आहे?"

"साक्षीदार आहे," ताई म्हणाल्या.

साक्षीदार जिन्यात वळेना. पहिल्या वळणावरच अडला. साचेवाला वर, काका खाली, मध्ये जन्मदाखलेवाले, आणि सगळे एकमेकांना सूचना देतायत. शेवटी दोरी बांधून सळई बाहेरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत घेतली. आत हॉटेलचा वकील बसला होता, कारण कोर्टानं सुनावणीला परत पाठवलेलं त्यांचंही प्रकरण त्याच दिवशी होतं. सळईचं टोक त्याच्या कानावरून गेलं. त्याला पुढची तारीख हवी होती; ती त्याला खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मिळाली, आणि तो जायचं सोडून गंमत बघत बसला.

अधिकारी तरुण होते, थकलेले होते, आणि वाईट नव्हते. त्यांनी सळईकडे बघितलं, कागदांकडे बघितलं. "हे बघा ताई, तुमचं म्हणणं कळलं. पण रेकॉर्डला अनुभवी मोजणीदाराची सही आहे. माणसाच्या सेवेत एक ठपका नाही. त्यानं चूक केली असं तुमचं म्हणणं आहे का? असेल तर तसं सांगा, मी नोंदवून घेतो. नाहीतर मला नोटीस कायम ठेवावी लागेल."

सगळी रांग ताईंकडे बघू लागली. काका बघत होते. सहीचं त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या तोंडाशी शब्द आले होते. जन्मभर ज्या बाईनं तोंडाशी आलेला शब्द मागे नेला नाही, तिनं त्या दिवशी तो गिळला. लेथ जाईल, गाळा जाईल, सतरा माणसं आपल्याला शिव्याशाप देतील, हे सगळं त्यांना दिसत होतं. त्या नुसत्या सळई घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"चूक केली," मागून आवाज आला. "मी केली."

दादा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची डबी. ते पुढे आले, तुटका टेप टेबलावर ठेवला आणि अधिकाऱ्यांना शिकवायला लागले. कडी कशी नाही, एकपासून कसं धरायचं, वजा कुठे करायचं. घरी शिकवलं होतं तसंच, अगदी त्याच शब्दांत, फक्त या वेळी मध्ये थांबले नाहीत. हिरवळीवरच्या छत्रीचंही सांगितलं. हॉटेलचा वकील तेव्हा उठून गेला.

चार दिवसांत फेरमोजणी झाली. ज्या कामाला आठ महिने लागणार होते ते चार दिवसांत होतं, हेही त्या निमित्तानं कळलं. गाळे सहा मीटरचेच निघाले. नोटिसा रद्द झाल्या, नवीन भाडं खऱ्या मापावर बसलं, लेथ वाचलं. रांगेत त्या दिवशी एकानंही काम केलं नाही.

आणि मग जे झालं ते सांगताना अजून माझे हात शिवशिवतात.

हॉटेलला अठरा मीटरच्या आठ वर्षांच्या भाड्याची नोटीस गेली. हॉटेल कोर्टात गेलं. स्थगिती आली. हिरवळ जिथे होती तिथेच राहिली, कारंजं उडत राहिलं. पण सरकारचं नुकसान तर झालेलं. ते कुणाकडून तरी भरून घ्यायला हवं. दादांच्या घरी एक पत्र आलं. आपल्या निष्काळजीपणामुळे सदर अठरा मीटर जागेचं भाडं शासनास मिळू शकलं नाही, सबब ते आपल्या पेन्शनमधून दरमहा वसूल करण्यात येत आहे. हॉटेलच्या चौकशीला बारा वर्षं पुरली नव्हती. दादांची चौकशी अकरा दिवसांत उरकली.

वहिनींनी पत्र ताईंच्या हातात दिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा बदलला. जुना, ओळखीचा राग परत आला होता, तीन आठवड्यांची उधारी फेडत.

"दादा, चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "आणि वहिनी, डबा भरा. तिघांचा."

दुपारी बाराच्या सुमाराला रांगेनं बघितलं ते असं. पुढे ताई सळई खांद्यावर घेऊन, मागचं टोक दादांच्या खांद्यावर, आणि वहिनी डबा आणि तीन घडीच्या खुर्च्या सांभाळत. साचेवाल्याच्या भिंतीपाशी त्यांनी सळईचं टोक टेकवलं. मग हॉटेलचं कुंपण ओलांडून हिरवळीवर एकदा टाकली, दोनदा टाकली, तीनदा टाकली. अठरा मीटर. तिसरी सळई कारंज्याच्या कडेला जाऊन लागली. ताईंनी तिथे खुर्च्या मांडल्या.

दरवाजे उघडणारा माणूस धावत आला. "अहो, अहो! इथे बसता येत नाही. ही खासगी जागा आहे."

"भाडं कोण भरतं हिचं?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

ताईंनी पत्र त्याच्या नाकापुढे धरलं. "वाच. अठरा मीटर. भिंतीपासून कारंज्यापर्यंत. भरणाऱ्याचं नाव बघ, आणि हा बघ माणूस. तुझ्या मालकानं या गवताचं आठ वर्षांत एक दमडी भाडं भरलेलं नाही. माझा भाऊ भरतोय. जा, आत जाऊन सांग, भाडेकरू जेवायला आलेत. रोज येणार आहेत."

त्या माणसानं पत्र खरंच वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग त्यानं दादांकडे बघितलं, आणि आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. कुंपणाशी काका, साचेवाला आणि बाकी सगळी रांग येऊन उभी राहिली होती.

वहिनींनी डबा उघडला. दादा मात्र बसेनात. ते हिरवळीकडे, मग भिंतीकडे, मग खुर्चीच्या पायांकडे बघत होते. "अगं," ते हळूच म्हणाले, "हा पुढचा पाय नक्की अठराच्या आत आहे ना? बघू दे एकदा. आता चूक नको."

ताईंनी सळई उचलून त्यांच्या हातात दिली. दादा भिंतीपाशी गेले, वाकले, आणि पहिल्यापासून मोजू लागले.